पुलावर कोण बसलं होतं?

समेट बायकांनी केला आणि शांतता समितीत सगळे पुरुष बसले. बरं, बसले तर बसले. बसल्या बसल्या पहिला निर्णय काय घेतला, तर दोन वस्त्यांना जोडणाऱ्या पुलाला फाटक बसवायचं आणि दिवेलागणीला कुलूप घालायचं! कंपाउंडरबाईंनी हे दवाखान्यात पुड्या बांधता बांधता ऐकलं आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कारण तो पूल त्यांनी आणि त्यांच्या नणंदेने उघडला होता. मैदानावरच्या मारामारीत एका पोराचा डोळा गेला, मग दगडफेक झाली, मग टायर जळले आणि दोन्हीकडच्यांनी पुलावर हातगाड्या आडव्या घातल्या. दवाखाना खालच्या वस्तीत, नणंदेचं सासर वरच्या, आणि तिच्या सासऱ्यांना इन्सुलिनशिवाय एक दिवस निघत नव्हता. नणंद-भावजय तशा एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या. का, ते आता दोघींनाही धड आठवत नाही. तरी कंपाउंडरबाई औषधाची पिशवी घेऊन पुलावर गेल्या आणि पलीकडून नणंद आली. पुढे शेजारणी यायला लागल्या. दगडफेक सुरू झाली की दोन्हीकडच्या बायका जाऊन पुलाच्या मधोमध बसायच्या. स्वतःच्या आईवर दगड कोण टाकणार? तरी काही लागलेच. कंपाउंडरबाईंच्या कपाळावर अजून व्रण आहे. शेवटी मारणारे हात थकले आणि हातगाड्या हटल्या.

सगळं थंड झाल्यावर पुरुष मंडळी इस्त्रीचे कपडे घालून शांतता प्रस्थापित करायला निघाली.

समितीचे अध्यक्ष म्हणजे कंपाउंडरबाईंचे धाकटे दीर, नणंदेचा सख्खा भाऊ. समितीत बायकांना दोन जागा द्या, एवढंच मागायला दोघी त्यांच्याकडे गेल्या.

"वहिनी, तुमच्या भावना समजतात," दीर मान तिरकी करून म्हणाले, "पण हे जरा किचकट काम आहे. तुम्ही समितीच्या समारंभाला नाटक करा ना! लोकांना बरं वाटेल."

"आणि फाटकाचं काय?"

"त्यावर नंतर बोलू. वेळ मिळाला तर. आणि हो, त्या दिवशी चहाचं तेवढं बघा."

मनोरंजन आणि चहा! दगड पडत होते तेव्हा काम किचकट आहे असं सांगायला कोणी आलं नव्हतं. बरं तर, नाटक हवंय ना, करू नाटक, असं दोघींनी तिथल्या तिथे ठरवलं.

कॉलेजात नाट्यशास्त्र शिकवणाऱ्या एक मॅडम दोन्ही वस्त्यांतल्या बायकांना घेऊन वेगळ्या तऱ्हेचं नाटक बसवत. गोष्ट बायकांची, लिहिणाऱ्याही त्याच. नियम एकच. बघणाऱ्यांपैकी कोणीही 'थांबा' म्हणून खेळ अडवावा. पण अडवणाऱ्याने वर यायचं, जिच्यावर अन्याय चाललाय तिच्या जागी उभं राहायचं आणि स्वतः मार्ग काढून दाखवायचा.

तालमीच्या वेळी अध्यक्ष डोकावले. "पुलावर समिती येते आणि भांडण मिटवते, असं दाखवा," त्यांनी फर्मावलं. "बायकांनी नुसतं रडायचं. फार परिणामकारक होतं ते."

मॅडमनी कंपाउंडरबाईंकडे बोट केलं. "लेखिका त्या आहेत. त्यांनाच विचारा."

"पुलावर आम्ही रडलो नव्हतो, भावोजी," कंपाउंडरबाई म्हणाल्या. "रडायला फुरसत कोणाला होती?"

अध्यक्ष हसून निघून गेले. आपण सांगितलं म्हणजे झालं, अशी त्यांची खात्री होती.

समारंभाला शाळेचा हॉल गच्च भरला. मंचावर समितीसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, नाटकाने त्याच वापरल्या. नणंद मिशी चिकटवून अध्यक्ष झाली आणि कंपाउंडरबाई जागा मागायला तिच्यासमोर उभ्या राहिल्या.

"तुमच्या भावना समजतात," नणंदेने भावासारखीच मान तिरकी केली. "तुम्ही चहाचं बघा."

हॉलमध्ये हशा पिकला. पहिल्या रांगेतून अध्यक्ष ताडकन उठले. "थांबा! बंद करा हे!"

"या, भावोजी. वर या."

"मी त्या अर्थाने नाही म्हणालो, वहिनी."

"नियम सगळ्यांना सांगितलाय."

मागून एक म्हातारी ओरडली, "अरे जा की! आम्ही दगडांत जाऊन बसलो, तुला चार पायऱ्या जड झाल्या होय?"

आता न जावं तर चारचौघांत शोभा. अध्यक्ष वर आले. कंपाउंडरबाईंनी त्यांना आपली जागा दिली आणि स्वतः समितीच्या एका खुर्चीवर जाऊन बसल्या.

"मला बोलायचंय," अध्यक्ष बहिणीला म्हणाले.

"बोला ना. नंतर. वेळ मिळाला तर."

"अहो, पण ते फाटक..."

"किचकट विषय आहे. तुम्हाला नाही कळायचा."

हा माणूस उभ्या आयुष्यात वाद हरला नव्हता आणि खोट्या मिशीपुढे हरायची त्याची तयारी नव्हती. "का नाही कळायचा?" तो गरजला. "पुलावर आम्ही बसलो होतो! दगड आम्ही खाल्ले! तुम्ही कुठे होतात तेव्हा?"

बोलून गेल्यावर आपण काय बोललो ते अध्यक्षांच्या ध्यानात आलं. कंपाउंडरबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. आता तरी हा कबूल करेल, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

अध्यक्षांनी रुमालाने मान पुसली आणि माईक हातात घेतला. "वा! काय झकास अभिनय केला आमच्या भगिनींनी! जोरदार टाळ्या! आता समितीच्या सन्माननीय सदस्यांनी मंचावर यावं."

अभिनय! कंपाउंडरबाईंच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या खुर्चीवरून हलल्या नाहीत. नणंदही हलली नाही. विंगेत उभ्या असलेल्या बाकीच्या बायका एकेक करून आल्या आणि उरलेल्या खुर्च्यांवर बसल्या. सन्माननीय सदस्य वर चढले आणि बसायला जागा नाही म्हणून ताटकळत राहिले.

अध्यक्ष माईकवर हात ठेवून खाली वाकले. "वहिनी, उठा ना. लोक बघतायत. हे आपण घरी बोलू."

"घरी तुम्ही ऐकत नाही, भावोजी." कंपाउंडरबाईंनी त्यांचा हात माईकवरून बाजूला केला, तसा बाईंचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला. "समितीत आमच्या दोन जागा, आणि पुलाला फाटक नाही. मंजूर असेल तर इथंच, सगळ्यांदेखत सांगा. नसेल तर उद्या कुलूप घेऊन या. आम्ही पुलावर बसलेल्या सापडू."