दहा इंची स्पीकर

तालमीत सगळ्यांसमोर भगवानराव म्हणले, "सूर्यभानराव, आवाज फाटायलाय. पौर्णिमेच्या आत काईतरी इलाज बघा."

माझं डोकंच फिरलं. भगवानराव आमच्या गायन मंडळाचे मुख्य, कबूल. पण ह्या पूर्ण्यात गिटार कोणी आणली? मी. बदलीवर चाललेल्या एका रेल्वेच्या गार्डसायबाकडून घेतली, मांडीवर आडवी ठेवून लोखंडी कांडीनं वाजवायला शिकलो. तिचा आवाज मोठा करायची पेटी, ते अँप्लिफायर, ते बी मीच आणलं; गायचा माईक बी त्यालाच लागायचा. गिटार वाजवता वाजवता भीमगीतं म्हणणारा दुसरा माणूस दाखवा म्हणा जिल्ह्यात!

पण पेटीतला स्पीकर जुना झालता, हे खरं. त्याचा कागद एका बाजूनं फाटलेला. माझी बायको सरजा होती तवा तिनं कणकेच्या खळीनं त्याला चिठोरा चिटकवला होता. तिला जाऊन दोन वर्सं झाली, आन् तो चिठोरा बी सुटत आलता. म्हणलं, स्पीकरच बदलून टाकू. बुद्धपौर्णिमेला देवगाव फाट्याचा कार्यक्रम होता, आन् मंडळ सोडलं तर मला होतं तरी कोण? दिवसभर लोको शेडात इंजिनांवर हातोड्याचा दणदणाट, क्वार्टरात आलं की चार भिंती. हप्त्यातून एक दिवस तालीम, तेवढंच माणसांत बसणं. ते गेलं असतं तर मी मेल्यातच जमा होतो.

सुट्टी टाकली. पेटी खांद्यावर, गिटार बगलंत, पॅसेंजरनं परभणी गाठली. रेडिओवाल्या किशनरावांनी पेटीचं मागचं फळकूट काढलं, आत डोकावले आन् विचारलं, "किती ओमचा पाहिजे?"

मी तडकलोच. "किशनराव, आमी छप्पन सालीच बुद्धाचे झालो. ओमबीम आमच्यात न्हाई. साधा द्या."

किशनराव पोट धरून हसले. "अवो, देवाचा ओम न्हाई तो! विजेचं माप हाय. चुकीचं लागलं तर पेटी जळती." मग मलाबी हसू फुटलं. लय दिवसांनी कोणासंगं हसलो असंल मी.

त्यांनी तीन स्पीकर काढले. एकेक जोडायचे, मी वाजवायचो. पहिला आठ इंची, नुसता कर्कश. दुसरा बी तेवढाच, गोड होता, पण जाड तारेवर गुदमरायचा. तिसरा दहा इंची, मागं हे एवढं चुंबक. कांडी फिरवली तर सूर असा लांबवर गेला की रस्त्यावरचा टांगेवाला थांबून बघायला लागला. मी खूश. म्हणलं, आता बोला भगवानराव!

"माईक लावतो, गाऊन बी बघा," किशनराव म्हणले.

गायलो. वरच्या सुराला गेलो आन् आवाज फाटला.

"स्पीकर बदला," म्हणलो. त्यांनी बदलला. तिथंच फाटला. उरलेला बी लावला, तरी तिथंच. "काय राव, तुमचा मालच खराब दिसायलाय!"

किशनरावांनी माईकची वायर काढून घेतली. "आता असंच म्हणा एकदा."

म्हणलो. बिगर माईकचा, बिगर पेटीचा, तिथंच फाटला. किशनराव उगं पेचकस पुसत बसले. मला लय लाज वाटली. सरजा असती तर कवाच तोंडावर म्हणली असती, अवो, घसा गेलाय तुमचा. घरात दोन-दोन दिवस तोंड उघडायचं काम न्हाई. आवाज कवा गेला ते कळणार तरी कसं? भगवानराव माझ्या गळ्याबद्दल बोलले होते, आन् मी येडा पेटी उचलून परभणीला आलतो.

"मंग कोणता देऊ?" किशनरावांनी हळूच विचारलं.

"दहा इंची. गाणं न्हाई तर न्हाई, गिटार तरी वाजंल."

दुसऱ्या दिवशी पेटी आन् गिटार घेऊन सरळ भगवानरावांच्या घरी गेलो. जयभीम झाला. मी वाजवून दाखवलं आन् म्हणलो, "गात न्हाई मी आता. मागं बसून वाजवतो. गायला दुसरा बघा."

भगवानराव जमिनीकडं बघत म्हणले, "दुसरा बघितलाय. नागनाथ गुरुजी. गातेत, हार्मोनियम बी त्येच वाजवतेत. जीपमधी जागा तेवढीच हाय, सूर्यभानराव. तुमाला सांगायचं म्हणून म्हणलो होतो त्या दिवशी, आवाज फाटायलाय. ह्याच्यापरीस कसं सांगू?"

"मला वाटलं, स्पीकरचं म्हणायलेत."

त्यांना हसू आलं न्हाई. पेटीवर हात ठेवून म्हणले, "पेटी तेवढी द्याल का पौर्णिमेपुरती? गुरुजींच्या माईकला. आवाज लय साफ झालाय."

माझ्या तोंडात शिवी आलती. गिळली. "न्या," म्हणलो, "वायर मातर जपून लावा."

क्वार्टरात आलो, गिटार मांडीवर घेतली आन् कांडी फिरवली. बिगर पेटीची ती गिटार, तिचा कितीसा आवाज येणार? तारेपाशी कान नेला, तवा जरासक ऐकू आलं.