चिखल मोजणारी काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे आणि माझा स्वभाव काही गोड नाही. तो कुठून असणार? आयर्लंडमध्ये कॉर्क परगण्यात नॉकशीन नावाचे गाव आहे. त्या गावाच्या वेशीवरच्या काळ्या काटेरी झुडपात माझा जन्म झाला. त्या झुडपाच्या वाटेला गुरेसुद्धा जात नसत. गावचा नालबंद मॉसी टुही मात्र एका थंडीत कोयता घेऊन आला आणि हातावर ओरखडे सोसून त्याने मला कापले.

त्याने मला घरी नेऊन धुराड्यात टांगले. महिनोन्महिने मी धूर खाल्ला. मग त्याने माझे काटे तासले, अंगाला लोणी चोळले आणि टोकाला लोखंडी टोपी बसवली. काटे गेले, पण त्यांच्या जागी गाठी राहिल्या. पुढे माझी जी काही किंमत झाली, ती या गाठींमुळेच.

मॉसी तरुणपणी अडथळ्यांच्या शर्यतीत घोडे पळवत असे. तिथेच त्याचे कंबरडे मोडले आणि एक पाय आखूड झाला. मग तो वडिलांच्या भट्टीवर बसला. घोड्यांच्या पाठीवरून उतरला खरा, पण घोडे काही त्याच्या डोक्यातून उतरले नाहीत. शर्यतीच्या दिवशी सकाळी तो मला घेऊन सगळे मैदान पायी फिरायचा. प्रत्येक कुंपणाच्या अलीकडे, जिथून घोडे उडी घेतात, तिथे मला जमिनीत दाबायचा. मग पलीकडे, जिथे ते उतरतात, तिथे पुन्हा दाबायचा. मी पहिल्या गाठीपर्यंत गेले तर जमीन कडक. दुसरीपर्यंत गेले तर मऊ. तिसरी गाठ आत गेली की मॉसी नुसताच "हं" म्हणायचा. मित्रांनो, काठीला खोटे बोलता येत नाही. जमीन जेवढे आत घेते, तेवढेच मी आत जाते.

मैदान पाहून झाले की तो घोडे पाहायचा. आणि घोडे पाहायचा म्हणजे आधी खूर पाहायचा. निम्म्या परगण्याचे नाल त्यानेच ठोकलेले, त्यामुळे कोणाचा पाय कसा हे त्याला तोंडपाठ होते. "ह्याचे खूर तव्यासारखे, हा चिखलावरून तरंगत जाईल." "ह्याची उडी उजवीकडे जाते आणि मैदान वळतंय डावीकडे, दर कुंपणाला बिचारा हातभर मागे पडणार." "ह्याच्या पोटाला नाताळाआधीच नाताळ झालाय." मॉसीने असे एकदा म्हटले की माणसे माना डोलवायची. त्याचा शब्द फारसा चुकत नसे. लोक त्याचे कौतुक करीत आणि त्यातले थोडे माझ्याही वाट्याला येई. कोणी माझी मूठ कुरवाळून म्हणे, "मॉसी, तू मेलास की ही मला दे रे." मला ते आवडायचे, खोटे कशाला सांगू?

पण त्या गावात एक रीत होती आणि ती दगडासारखी पक्की होती. शर्यतीच्या सकाळी शेजाऱ्याच्या जनावराबद्दल वावगा शब्द शेजाऱ्यासमोर काढायचा नाही. काढला तर दृष्ट लागते. आपसात काय हवे ते बोला, पण मालकाने विचारले तर "संधी आहे, देवाची कृपा असू दे" एवढेच म्हणायचे. मॉसीने एकदा ही रीत मोडली होती. एका शेतकऱ्याला त्याने तोंडावर सांगितले, "तुझा तांबडा आज पळवू नकोस." त्याने पळवला. तांबडा शेवटचा का होईना, धड घरी आला आणि त्याच आठवड्यात पोट फुगून तबेल्यात मेला. झाले! गावाने ठरवले की मॉसीच्या जिभेनेच तो मेला. त्या शेतकऱ्याने मरेपर्यंत दुसऱ्या गावी जाऊन नाल ठोकून घेतले. पोरे मॉसीला पाहून छातीवर क्रूस काढायची आणि हसायची. तेव्हापासून मॉसी शहाणा झाला. असला शहाणपणा आगीत घालावा, असे मला वाटते.

आता लिनेटबद्दल सांगते. लिनेट ही नोनी लिहेनची करडी घोडी. नोनीचे घर भट्टीच्या मागच्या वळणावर. नवरा वारलेला, एक मुलगा फिनबार, थोडी शेती. लिनेटची आई विताना गेली, तेव्हा नोनीने शिंगराला स्वयंपाकघरात चुलीपाशी ठेवून बाटलीने दूध पाजले होते. मोठी झाल्यावरही लिनेट दार उघडे दिसले की डोके आत घालायची. उडी तर अशी घ्यायची की मॉसीसुद्धा तोंडात बोट घालायचा. फक्त तिचे खूर लहान होते, चहाच्या पेल्याएवढे. कडक जमिनीवर ते टकटक वाजत जायचे. चिखलात मात्र लहान खूर खुंटीसारखा रुततो, हे मॉसीला माहीत होते आणि मलाही.

त्या वर्षी नाताळाच्या आधी पावसाने धरले ते सोडलेच नाही. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे सेंट स्टीफनच्या दिवशी, आमच्याकडे शर्यती असतात. त्या दिवशी घरी बसतो तो एक आजारी किंवा मग प्रोटेस्टंट पाद्री, असे आमच्या कॅथलिक गावातले लोक म्हणतात. सकाळी मॉसी मला घेऊन मैदानात उतरला. वरची बाजू बरी होती. खाली ओढ्याजवळ जे कुंपण आहे, तिथे पलीकडे उतार आहे. मॉसीने मला तिथे दाबले. मी तिसऱ्या गाठीच्याही आत गेले. बाहेर ओढली तेव्हा माझ्या अंगाला निळसर चिकण माती लागली होती. मग त्याने मला गवताला पुसले.

फाटकापाशी डिनी कोकली खाटीक आणि आणखी चारजण चहाचे पेले घेऊन उभे होते.

"काय मॉसी, काठी काय म्हणते?" डिनीने विचारले.

"खालच्या कुंपणापाशी जमिनीला बूड नाही. जो तव्यासारख्या पायांचा तो पार होईल."

"आणि आपली लिनेट?"

मॉसीने मान हलवली. "त्या पायांवर? तिथे उतरली की रुतेल. उभी राहायची नाही. तिच्यावर पैसे लावू नका."

"अरे, मग नोनीला सांग की!"

"शर्यतीच्या सकाळी? तू सांग."

"मी? शेजारधर्म आहे बाबा! आणि दर शनिवारी माझ्याकडून मटण नेते ती. उद्या घोडीला शिंक आली तरी माझं दुकान बसेल."

सगळे हसले. मॉसीही हसला.

थोड्या वेळाने नोनी समोरच आली. नाताळचा चांगला कोट, पायात चांगले बूट, हातात लिनेटचा लगाम. मागे तिच्यावर बसणारा फिनबार खोगीर घेऊन उभा. नोनीने इकडचे तिकडचे काही न बोलता विचारले.

"मॉसी, रात्रभर पाऊस ऐकत होते. मला धाकधूक होतेय. तू मैदान पाहिलंस ना?"

"पाहिलं."

"मग सांग. नाही म्हणालास तर आत्ता गाडीत घालते. दिवस मावळायच्या आत घरी जाऊन चुलीपाशी उभी असेल. मला कोणाची लाज नाही."

"आई, एवढं काय!" फिनबार म्हणाला. "मॉसी, तुम्ही सांगा हिला. संधी आहे ना?"

मित्रांनो, एक शब्द पुरे होता. लिनेटने नाक पुढे करून माझी मूठ हुंगली. तिच्या श्वासाची ऊब मला लागली. मी ओरडले असते, पण लाकडाला तोंड नसते. मॉसीने डिनीकडे पाहिले, डिनीने चहाच्या पेल्यात पाहिले. आणि मॉसी म्हणाला, "आहे की. संधी आहे. देवाची कृपा असू दे."

नोनीचा चेहरा सैल झाला. "तू म्हणतोस तर ठीक," ती म्हणाली आणि घोडीची मान थोपटून निघून गेली. तिला रीत माहीत नव्हती असे नाही. पण तिला वाटले, आपण इतके स्पष्ट विचारल्यावर मॉसी रीत पाळणार नाही.

शर्यत सुरू झाली. मॉसी मला टेकून ओढ्याजवळच्या कुंपणापाशी उभा होता. दुसरीकडे कुठे उभे राहणे त्याला जमलेच नसते. पहिल्या फेरीत लिनेट सगळ्यांच्या पुढे आली, कुंपणावरून पाखरासारखी गेली, उतरली, जरा अडखळली आणि पुढे गेलीसुद्धा!

"मॉसी, म्हातारा झालास!" डिनीने त्याच्या पाठीत थाप मारली. "चुकलास की रे!"

मॉसीला आपण चुकल्याचा इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. "चुकलो," तो म्हणाला. "चुकलो बाबा, बरं झालं!"

पण पहिल्या फेरीत सगळ्या घोड्यांनी तिथली उरलीसुरली हिरवळ उखडली होती. दुसऱ्या फेरीत लिनेट उतरली तेव्हा खाली नुसता चिखल होता. पुढचे दोन्ही पाय रुतले आणि वरचे अंग पुढे गेले. तो आवाज मला अजून आठवतो. फिनबार लांब फेकला गेला, त्याचे खांद्याचे हाड मोडले, पण तो उठून बसला. लिनेटही उठली. तीन पायांवर. चौथा नुसता लोंबत होता, आणि ती तशीच बाकीच्या घोड्यांमागे जायला पाहत होती.

लोकांना दिसू नये म्हणून माणसे हिरवा पडदा घेऊन धावली. जनावरांचा डॉक्टर बंदूक घेऊन आला. फिनबारने एका हाताने तिचे डोके धरले. पडद्यामागे एकच बार झाला.

नोनी चिखलातून चालत आली तोपर्यंत सगळे संपले होते. तिचे बूट घोट्यापर्यंत भरले होते. ती रडत नव्हती. तेव्हा डिनी पुढे झाला. मनाने वाईट नाही तो, पण जीभ सैल.

"नोनी, मनाला लावून घेऊ नकोस गं. नशीब म्हणायचं. मॉसी सकाळीच आम्हाला म्हणाला होता, की ती..." आणि तो थांबला.

नोनी वळली. मॉसीजवळ येऊन तिने त्याच्या हातातून मला काढून घेतले. कुंपणाच्या पलीकडे जाऊन दोन्ही हातांनी मला जमिनीत दाबले. मी गेले, पार तिसऱ्या गाठीच्या आत.

"हे सकाळी असंच होतं?"

"होतं," मॉसी म्हणाला.

"आणि मी तुला विचारलं."

"शर्यतीची सकाळ होती, नोनी."

"डिनीला सांगितलंस. फाटकावरच्या सगळ्यांना सांगितलंस. त्यांची होती का घोडी?"

नोनीने मला तसेच चिखलात सोडले आणि ती मुलाकडे गेली. बऱ्याच वेळाने मॉसीने मला उपसले. त्याला जोर लावावा लागला.

तुम्हाला वाटेल, यानंतर मॉसी बदलला असेल, तोंडावर खरे सांगू लागला असेल. मलाही तसेच वाटले होते. पण माणूस काठीपेक्षा विचित्र. त्याने मला भट्टीच्या दारामागे उभे केले आणि मैदान पाहायला जाणेच सोडले. शर्यतीच्या आधी लोक येत. "मॉसी, ह्याचं काय? त्याचं काय?" मॉसी नाल ठोकता ठोकता मान वर न करता म्हणे, "सगळ्यांनाच संधी आहे." पूर्वी तो एकीशी खोटे बोलला होता, आता सगळ्यांशीच बोलू लागला. हळूहळू लोक यायचे थांबले. त्यानंतर त्या खालच्या कुंपणापाशी आणखी घोडे पडले, आणि दारामागे मला कोळिष्टके लागली. मला लोणी नको होते, मित्रांनो. मला जमीन हवी होती.

नोनीचा एक म्हातारा नांगराचा घोडा आहे. त्याला नाल ठोकायला ती अजूनही इथेच येते, कारण आता जवळपास दुसरा नालबंद उरलेला नाही. ती घोड्याचे तोंड धरून उभी राहते. मॉसी वाकून खूर मांडीवर घेतो. ठोकाठोक होते, घोडा बाहेर पडतो. दारामागून मला दोघेही दिसतात.

मित्रांनो, माझ्यासारखी काठी घरात असेल तर तिला कोपऱ्यात टाकू नका, एवढे तर मी मागणारच. पण खरे मागणे वेगळे आहे. कोणी तुमच्या दारात येऊन सरळ विचारले, तर त्याला तिथेच, तोंडावर सांगा. रागावला तर रागावू द्या. पुढे दृष्ट लागली म्हणाला तर म्हणू द्या. मॉसी आता कित्येकदा काहीतरी बोलायला तोंड उघडतो. नोनी घोड्याच्या मानेकडे पाहत उभी असते. ती त्याला काहीच विचारत नाही.