सव्वीस रकान्यांची कयलविळी

वडिलांच्या सोळाव्या दिवसाचा विधी आटोपून कयलविळी कोईमतूरच्या पंप कारखान्यात कामावर परतली, आणि संगणकाने तिला आप्पांचा शेवटचा आराखडा उघडू दिला नाही. ‘आपल्याला परवानगी नाही.’ हे वाक्य तीन वर्षांपूर्वी तिनेच लिहिलं होतं.

आप्पा तिथे पस्तीस वर्षं पंपांचे आराखडे काढत होते. आजारी पडल्यावर त्यांनी संगणकावरचा आपला कप्पा फक्त तिला खुला केला होता. आज तीनपर्यंत आराखडा फाउंड्रीत पोचला नाही, तर त्यातला पंपाचा पंखा दुसरं कुणीतरी नव्याने काढणार होतं.

“मागच्या दाराने काढून देऊ का, मा?” शेजारच्या टेबलावरून यंत्रणा सांभाळणारे ज्ञानशेखर म्हणाले. “सगळ्या किल्ल्या माझ्याकडेच आहेत.”

“नको अण्णा. त्यांनी मला दिलंय. चोरून कशाला?”

“बापासारखीच हट्टी. बस मग शोधत.”

फार शोधावं लागलं नाही. परवानगी देताना यंत्रणा त्या माणसाची अख्खी नोंद जपून ठेवी, आणि दार उघडताना त्याची आजची नोंद तिच्याशी ताडून पाही. सव्वीसच्या सव्वीस रकाने जुळले तरच माणूस तोच. पंचवीस जुळत होते. उरलेल्यात, वैद्यकीय विम्यासाठी, वडील हयात आहेत का ते असे. विमा बघणाऱ्या कारकुनाने सोमवारी तत्परतेने तिथे ‘नाही’ केलं होतं.

म्हणजे आप्पांनी परवानगी दिली होती ती वडील हयात असलेल्या मुलीला. तशी मुलगी सोमवारपासून कारखान्यात नव्हती.

“कुठल्या शहाण्याने सगळे रकाने ताडले?” ज्ञानशेखरांनी विचारलं.

“मीच.”

“तरीच.”

तिने पंचवीस रकाने तपासणीतून काढले. कामगार क्रमांक तेवढा ठेवला. तो कधी बदलत नाही, दुसऱ्या कुणाला मिळतही नाही. मग आपली जुनी नोंद आणि नवी नोंद ताडून पाहिली: तीच व्यक्ती. ज्ञानशेखरांची ताडून पाहिली: वेगळी.

“माझ्यावर विश्वास नाही वाटतं?”

“आहे ना. पण तुम्ही म्हणजे मी नाही, एवढंच.”

त्यांनी बदल वाचून मंजूर केला. पावणेतीनला कप्पा उघडला. आराखडा पुरा होता. तिने तो पाठवला.

पाच मिनिटांत फाउंड्रीतून मुरुगवेलचा फोन आला. “अक्का, पात्याची जाडी चारच मिलिमीटर? आपण तर साडेचार ठेवतो.”

“आराखड्यात किती आहे?”

“चार.”

“मग चार.”

“सरांना एकदा विचारून…” तो थांबला. “चुकलो अक्का. सवयीने गेलं तोंडून.”

“असू दे,” ती म्हणाली. “चारच ओता.”