चौथा रकाना

शालूनं कागद टेबलावर आपटला, तशी दौत हिंदकळली.

"हा तक्ता मी मुंबईला जाऊ देणार नाही, सर!"

मोरोपंतांनी चष्मा कपाळावर चढवला. अमरावतीच्या कॉलेजात गणित शिकवणाऱ्या या माणसापुढं आवाज चढवायची कुणाची टाप नव्हती. पण आज त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या शालूचं डोकंच फिरलं होतं. मुंबईचा एक दवाखाना रोग्यांना खुब्याचा धातूचा सांधा बसवणार होता. त्या सांध्यातलं वंगण कुठवर टिकेल ते तिथलं गणकयंत्र सांगणार, आणि यंत्राला पुरवायचे आकडे हे दोघं तीन महिने काढत होते. पहिल्या रोग्यांच्या यादीत शालूच्या मायचं, इंदूबाईचं, नाव होतं.

"उभं राहणं, चालणं, खुर्चीत बसणं. तीनच रकाने! उकिडवं बसणं कुठं आहे?"

"ज्या विलायती लेखावरून आपण आकडे काढतो, त्यात नाही."

"तिकडच्या बाया वावरात तण निंदायला जातात का, सर? चालताना वंगण आत ओढलं जातं. तासन्‌तास उकिडवं बसलं की पिळून बाहेर पडतं. मग कोरडा सांधा घासणार कुणाचा? माझ्या मायचा!"

"डॉक्टर सांगतील, उकिडवं बसू नका. संपलं."

शालूच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणे बसू नका! चूल काय छातीएवढी बांधायची? आणि वावरात खुर्ची कोण नेऊन ठेवणार, यांचे डॉक्टर? एवढी बुकं वाचून माणसाला एवढंही कळू नये!

तक्ता सोमवारी जायचा होता. रविवारी ती अकोल्याहून मायला एसटीनं घेऊन आली, ती थेट सरांच्या घरी. इंदूबाई लंगडत ओसरीवर चढली.

मोरोपंत उठले आणि त्यांनी स्वतःची खुर्ची पुढं सरकवली.

"या बाई, बसा."

इंदूबाईनं खुर्चीकडं पाहिलं, पदर सावरला आणि भिंतीला धरून खाली उकिडवी बसली. खुब्यातून कळ गेली तसे तिनं डोळे मिटले.

"अहो, वर बसा ना! दुखत नाही का?"

"दुखते ना, मास्तर. जीव जाते." ती सहजच बोलली. "पन पन्नास वर्स झाले, कोन्या मोठ्या घरी आमाले कोनं खुर्ची देल्ली नाई. आंगाले सवयच नाई."

शालूनं वाटभर जुळवून आणलेलं भांडण बाजूला ठेवलं. मोरोपंत खुर्चीची पाठ धरून उभे होते.

"किती वेळ बसता अशा?"

"निंदाले? सकायपासून दिवस बुडेलोक."

मोरोपंतांनी धोतर सावरलं आणि ते तिच्यासमोर उकिडवे बसले.

"शालू, घड्याळ लावून मिनिटं मोज."

दहाव्या मिनिटाला त्यांच्या पिंढऱ्या थरथरू लागल्या. इंदूबाईला कसंसंच झालं.

"उठा मास्तर. काहून तरास करून घेऊन राहिले?"

"तुम्ही खुर्चीवर बसा, मग उठतो."

इंदूबाईनं लेकीकडं पाहिलं. शालूनं तिला हात दिला, वर बसवलं, आणि मग बरोबर आणलेला तक्ता उघडून चौथ्या रकान्याची रेघ ओढली.