चुन्याचे दोन गोल

मुलांनो, आज एक करा. पुस्तक मांडीवर ठेवा आणि मनाने नंदुरबारच्या स्टेशनाबाहेर येऊन उभे राहा. सन एकोणीसशे अडतीस संपत आले आहे. मार्गशीर्षातली थंडी अंगाला झोंबते आहे. उजव्या हाताला आगगाडीची लाईन, डाव्या हाताला एक मोठा माळ. माळावरचे दगड वेचून झाले आहेत, बाभळीची खुंटे उपटून झाली आहेत आणि आता एक बैलजोडी दगडी रूळ ओढत जमीन सपाट करते आहे. कडेला एका दगडावर पांढरा रुमाल बांधलेले एक मास्तर गुडघे चोळत बसले आहेत. दिसले? तेच नथ्थू गुरुजी. आपली गोष्ट त्यांच्यामागून चालेल. सावकाश चाला, कारण त्यांचे गुडघे दुखतात.

गुरुजींची एकोणतीस वर्षे शिकवण्यात गेली होती. एका वर्षाने ते घरी बसणार होते. दोन वर्षांपूर्वी भूगोलाच्या तासाला त्यांनी वर्गाला सांगितले होते, की दूर जर्मनी देशात सगळ्या जगाचे खेळाडू जमले, धावले, पोहले, कुस्त्या खेळले. तेव्हा दुसऱ्या ओळीतली धनु उठून उभी राहिली होती.

"गुरुजी, ते सामना आपला गावमा व्हतीन का?"

सगळा वर्ग फिदीफिदी हसला. "हाई धनी! साहेब लोके आठे येतीन? तुन्हा घरनी भाकर खाई जातीन?"

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिले: 'गावाला काय काय लागेल?' मुले सांगत गेली, ते लिहीत गेले. मोठा माळ. गोड पाण्याच्या विहिरी. झोपायला धर्मशाळा. रांधायला माणसे. आगगाडी. शेवटी फळ्याकडे पाहून मुलेच गप्प झाली. सगळेच तर गावात होते!

ती यादी गुरुजींच्या डोक्यातून गेली नाही. म्हणून या वर्षी जेव्हा कळले, की मुंबई इलाखा, गायकवाडी आणि इंदूर अशा तीन मुलखांतल्या शाळांचे सामने भरायचे आहेत आणि ते भरवणारी मंडळी मधले एखादे गाव शोधत आहेत, तेव्हा ते तडक हिलाल आप्पांकडे गेले. हिलाल आप्पा म्हणजे धनुचे वडील. शेती मोठी, शब्दाला वजन.

"आप्पा, सुरतेहून गाडी सरळ इथे येते. भुसावळहूनही येते. आपलं गाव बरोबर मध्ये आहे."

आप्पांनी मांडीवर थाप मारली. "मास्तर, सारंगखेडाना घोडाबजारले मुलूखना मानसं येतस, घोडा येतस, उंट येतस. त्यासले जागा पुरस. मंग हाई चारशे पोरेसले नही पुरावं का? करा अर्ज! धुया शहरवालाबी पाहतच ऱ्हातीन!"

छापील अर्ज आला. अकरा प्रश्न होते. माळ किती लांब, विहिरी किती, वैद्य आहे का. आप्पा सांगत गेले, गुरुजी आपल्या वळणदार अक्षरात लिहीत गेले. अकरावा प्रश्न असा होता: 'येणाऱ्या सर्व मुलांना, जातपात न पाहता, गाव सारखे वागवील काय?'

आप्पा पान लावत म्हणाले, "होय लिखी द्या. त्यान्हामा काय?"

गुरुजींचा टाक दौतीवर क्षणभर थांबला. मग त्यांनी लिहिले, 'होय.'

गाव पाहायला त्या मंडळींकडून एक साहेब येणार होते. त्यांच्यापुढे नमुन्याची एक शर्यत दाखवायची होती. एका चमूत चार मुले. पहिल्याने हातातली लाकडी दांडी घेऊन पाव माळ धावायचे, ती दुसऱ्याच्या हाती द्यायची, दुसऱ्याने तिसऱ्याच्या, तिसऱ्याने चौथ्याच्या. समोर शेजारच्या रनाळे गावच्या शाळेचा चमू.

शाळेत सर्वांत वेगाने धावणारा मुलगा सुपडू. महारवाड्यातला. चार वर्षे तो वर्गाच्या दाराबाहेर, ओट्यावर बसून शिकत होता. त्याची पाटी तो पायरीवर ठेवून मागे सरे. गुरुजी वाकून वरूनच गणित तपासत आणि 'बरोबर' म्हणत. त्याची गणिते बहुधा बरोबरच असत. सुपडूनंतर वेग होता तो धनुचा. तेव्हा तिसरा सुपडू आणि चौथी धनु, असे ठरवून गुरुजी परवानगीसाठी पुन्हा आप्पांच्या घरी गेले.

आप्पा मळ्यात होते. धनुची आई कौसाबाई ओसरीवर ज्वारी पाखडत होत्या. सूप थांबले नाही.

"पयू द्या तिले, गुरुजी. दहा वरीसनी पोर, आज नही पयावं ते कदय पयी? पन त्या पोऱ्याना हातनी वस्तू मन्ही पोरना हातमा येवाव नही. सांगी ठेवस."

"कौसाबाई, एक लाकडाची दांडी आहे हो."

"लाकूडले इटाळ नही, हातले शे." त्यांनी सूप झटकले. कोंडा गुरुजींच्या धोतरावर उडाला. "तुम्ही शिकेल मानूस. काढा काही तरी वाट."

आणि मुलांनो, गुरुजींनी वाट काढली. भांडण त्यांना नको होते. हे पहिल्यांदा नव्हतेच. एकोणतीस वर्षे ते अशाच वाटा काढत आले होते. बनियाच्या दुकानी महारवाड्यातल्या माणसाला मीठ कसे देतात, ते त्यांनी रोज पाहिले होते. पुडी जमिनीवर ठेवायची, मागे सरायचे, मग त्याने उचलायची. दुसऱ्या दिवशी माळावर त्यांनी चुन्याचे दोन गोल काढले, ताटाएवढे. एक सुपडूच्या अलीकडे, एक पलीकडे. दुसऱ्या मुलाने दांडी पहिल्या गोलात ठेवायची, सुपडूने उचलायची. सुपडूने दुसऱ्या गोलात ठेवायची, धनुने उचलायची.

पंधरा दिवस सराव झाला. मुले बिचारी तरबेज झाली.

"गुरुजी," एका संध्याकाळी धनु धापा टाकत आली, "सुपडू वाकस, मंग सरकस, मंग मी वाकस. तवलोंग रनाळावाला पुढे निंघी जातीन! हातमाच दिधी ते काय व्हई?"

गुरुजी काही बोलायच्या आत सुपडूच लांबून म्हणाला, "मी ते पटकन ठेवस, गुरुजी. दांडी एक खेपबी गोलना बाहेर नही गयी. पाह्यं ना तुम्ही?"

त्याच्या आवाजात फुशारकी होती. चार वर्षे पाटी पायरीवर नीट ठेवणाऱ्या मुलाची फुशारकी. गुरुजी म्हणाले, "पाहिलं, बेटा. छान ठेवतोस." आणि घरी जाऊन त्या रात्री ते जेवले नाहीत. पण सकाळी उठून पुसट झालेले गोल त्यांनी पुन्हा चुन्याने उजळले.

साहेब आले. सुरतेच्या गाडीने, एकटेच, हातात कापडी पिशवी. उतारवयाचे, सडपातळ गृहस्थ. त्यांनी विहिरींचे पाणी पिऊन पाहिले, धर्मशाळेच्या खिडक्या उघडून पाहिल्या, माळ स्वतः चालून मोजला.

"सरस जागा," ते आप्पांना म्हणाले. "अशी जागा मला तीन गावांत सापडली नव्हती."

आप्पांच्या मिशा फुलल्या. सारा गाव माळाभोवती जमला होता. महारवाड्यातली माणसे बाभळींच्या पलीकडे उभी होती. शिट्टी झाली.

पहिल्याने दुसऱ्याच्या हाती दांडी दिली तेव्हा आपला चमू पुढे होता. दुसरा मुलगा गोलापाशी थांबला, वाकला, दांडी ठेवली, दोन पावले मागे सरला. सुपडूने ती उचलली. रनाळ्याचा मुलगा एव्हाना पुढे गेला होता. मग सुपडू धावला. काय धावला तो! बाभळींपलीकडून आरोळी उठली. त्याने रनाळ्याच्या मुलाला गाठले, मागे टाकले, आणि दुसऱ्या गोलापाशी येऊन एकदम थांबला. वाकला. दांडी अगदी मधोमध ठेवली. मागे सरला. धनुने ती उचलून जीव खाऊन पळ काढला, पण दोन हातांनी हरली.

गाव हळहळला. साहेब मात्र शर्यत संपते त्या दोरीपाशी गेलेच नाहीत. ते दुसऱ्या गोलाजवळ येऊन खाली पाहत उभे राहिले.

"मास्तर, चार मुलं, म्हणजे दांडी तीनदा हात बदलणार. मग गोल दोनच का?"

उत्तर धनुने दिले. तिला त्यात लपवण्यासारखे काही वाटलेच नाही.

"साहेब, तो सुपडू शे ना. त्याले हातमा देतस नहीत. दुकानवरबी असंच देतस."

आप्पा घाईने पुढे आले. "साहेब, पोरगी भोळी शे. हाई नुसता नमुना व्हता. खरा सामनामा आम्ही सगळं नीट..."

साहेबांनी हात वर करून त्यांना थांबवले. पिशवीतून तो छापील अर्ज काढला, अकराव्या प्रश्नावर बोट ठेवले आणि गुरुजींसमोर धरला.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"अक्षर सुंदर आहे," साहेब म्हणाले. रागाने नाही, थकून. जणू असे अर्ज त्यांनी पुष्कळ वाचले होते. "मास्तर, तीन मुलखांतून मुलं येतील. त्यांतला कोण आपल्या शाळेत दाराबाहेर बसतो, हे मला इथून कसं कळणार? त्यांच्यासाठी तुम्ही किती गोल काढाल?"

गुरुजींनी अर्ज हातात घेतला, त्याची घडी घातली आणि परत दिला.

"माळ उत्तम, पाणी उत्तम," साहेब आप्पांकडे वळले. "पण सामने इथे भरणार नाहीत. तसं मी लिहीन. राम राम." आणि पिशवी उचलून ते स्टेशनाकडे चालू लागले. टांगाही त्यांनी घेतला नाही.

मुलांनो, गावाला तेव्हा लाज वाटली असेल, असे तुम्हाला वाटते का? मलाही तसे सांगायला आवडले असते. पण माळावर जे बोलणे चालले होते, ते असे होते:

"त्या पोऱ्याले लिधंच काब?"

"मास्तरनी गावनं नाक कापं!"

"चार पोरे आपलाच ऱ्हातात, ते गोलबी नही आनि गोंधयबी नही!"

कोणी सुपडूकडे पाहिले नाही. बाभळींपलीकडची माणसे पांगली. त्यांना यात नवे काही नव्हते. आप्पा रुमाल झटकत म्हणाले, "सहा महिना बैल राबनात, मास्तर. तुमना दोन गोलनी सगळं पानीमा गयं."

"माझ्या गोलांनी," गुरुजी म्हणाले. "खरं आहे."

ते निशाणाच्या काठ्या उपटू लागले. एकेक काठी जड झाली होती. इतक्या वर्षांत आपण काय शिकवले, असे त्यांनी स्वतःला विचारले. पाढे शिकवले, नकाशे शिकवले, जर्मनी देश शिकवला. आणि सर्वांत पक्के काय शिकवले? दांडी गोलाबाहेर न जाऊ देणे. ज्या मुलाच्या हातून आपण कधी पाटी घेतली नाही, त्याच्या पायांवर गावाचा मान जिंकायला निघालो होतो.

"गुरुजी." मागे सुपडू उभा होता. दांडी परत द्यायला आला होता. त्याने ती गुरुजींच्या पायांपासून हातभर अंतरावर जमिनीवर ठेवली आणि मागे सरला. "मन्हंच चुकनं का? मी ते नीट ठेवी व्हती."

गुरुजींनी काठ्या खाली टाकल्या आणि ते वाकले; पण त्यांचे गुडघे म्हातारे होते आणि त्यांच्याआधी कोणी तरी दांडी उचलली.

धनु होती ती.

"धने!" माळाच्या कडेवरून आप्पांनी हाक मारली. "चाल घर! कारभार आटपना सगळा!"

"उनी, आप्पा," ती म्हणाली, पण घराकडे वळली नाही. तिने दांडी सुपडूसमोर धरली. जमिनीवर ठेवली नाही, हवेत धरली. सुपडू दांडीकडे पाहत राहिला, मग गुरुजींकडे.

"घे, बेटा," गुरुजी म्हणाले. "तिच्या हातातून घे. चूक तुझी नव्हती. माझी होती."

सुपडूने दांडीचे दुसरे टोक धरले.

"तू बाभुयपासून पय," धनु त्याला म्हणाली. "पहिलेसारखा. थांबू नको. ते थांबवामुयेच हारनूत आपन."

"आते काय उपेग? साहेब गया."

"जाऊ दे ना साहेबले! माले पाहनं शे, किती लवकर व्हस ते."

सुपडू बाभळीकडे निघाला. रिकामा माळ, दूरवर गाडीची शिट्टी. कडेला आप्पा. आता त्यांची हाक आरडाओरड झाली होती. धनु आपल्या जागी, दुसऱ्या गोलापाशी येऊन उभी राहिली. तिने खाली पाहिले. उजव्या पायाच्या टाचेने तिने चुना घासायला सुरुवात केली. एकदा, दोनदा, तीनदा. पांढरा चुना मातीत मिसळत गेला आणि तिची टाच पांढरी झाली. गोल नाहीसा झाल्यावरच ती थांबली.

मग पळत येणाऱ्या पावलांचा आवाज जवळ आला. तिने वडिलांकडे पाहिले नाही, मागेही पाहिले नाही. उजवा हात तिने मागे लांब केला, पंजा उघडला आणि ती पळू लागली.