पुठ्ठ्यातला कागद

धाकटीने ओल्या फडक्याने हजेरीपुस्तकाचा पुठ्ठा भिजवला आणि सुटलेला कोपरा नखाने उचलला. शाळेचं हे पुस्तक चार वर्षांतच दुरुस्तीला परत आलं होतं. भावाबहिणीच्या बाइंडिंगच्या दुकानाची ही नाचक्कीच. बांधणी दादाची होती, आणि खळ लावताना हात आखडता घ्यायची त्याची खोड जुनी.

पुठ्ठा जाड करायला ते रद्दीचे कागद एकावर एक चिकटवत. वडिलांनी घालून दिलेली रीत, कागद म्हणून वाया जाऊ द्यायचा नाही. पुठ्ठ्यात गेलेला कागद पुन्हा कोणी वाचत नाही, असंही ते म्हणायचे.

तिसरा थर सुटला आणि त्यावर दादाचं नाव दिसलं. वर दवाखान्याचा शिक्का, खाली वय एक्केचाळीस. मोठ्या आतड्यातली गाठ काढली. कॅन्सरची सुरुवात, वेळेत सापडली. शेवटची ओळ ठळक होती. सख्ख्या भावंडांनी त्रास नसला तरी लगेच तपासणी करून घ्यावी, मुलांनीही डॉक्टरांना विचारावं.

ती स्टुलावर बसली. त्या वर्षी दादा आठ दिवस कागदाच्या गिरणीत माल बघायला गेला होता. वाळून परत आला तेव्हा तिनंच चिडवलं होतं, ‘गिरणीवाल्यांनी उपाशी ठेवलं का रे?’ तो हसलाही होता.

दीड वर्षापूर्वी तिला रक्त जायला लागलं. गल्लीतले डॉक्टर म्हणाले, हे काय कॅन्सरचं वय आहे? तो म्हाताऱ्यांचा आजार, तुमची मूळव्याध. मलम दादानेच आणून दिलं. संपलं की न सांगता दुसरं आणायचा, आणि तिला वाटायचं, असा भाऊ नशिबानं मिळतो.

आता तिलाही तोच कॅन्सर निघाला होता आणि सोमवारी ऑपरेशन होतं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, “तरुणांमध्ये हल्ली वाढलाय हा. आणि उशिरा कळतो, कारण शंकाच कोणाला येत नाही. घरात कोणाला होता?”

“नाही,” ती म्हणाली होती. दादा शेजारच्या खुर्चीत मूग गिळून बसला होता.

दोऱ्याची रिळं घेऊन तो आत आला. टेबलावरचा ओला कागद त्याने लांबूनच ओळखला.

“चार वर्षं, दादा?”

“तुला घाबरवायचं नव्हतं.” त्याने रिळं एका ओळीत लावली, मग पुन्हा लावली. “आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. मग डॉक्टर मूळव्याध म्हणाले. मला वाटलं, असेलही.”

“आणि मलमं आणत राहिलास.”

“नंतर सांगायला तोंडच उरलं नाही गं.”

“केसानं गळा कापलास.” तिचा आवाज चढला नाही. “परक्यानं केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते.”

तेवढ्यात दार ढकलून दादाची मुलगी आली, हातात चहाचे दोन कप.

“आत्या, इथेच ठेवू का?”

दादाचा तळहात झटकन कागदावर पडला. ती ठळक ओळ बरोबर त्याच्याखाली झाकली गेली. धाकटीने त्या हाताकडे पाहिलं, मग भाचीकडे.

“हात काढ,” ती हळूच म्हणाली.

“एकोणीस वर्षांची आहे गं ती. हे काय वय आहे?”

“डॉक्टरही मला हेच म्हणाले होते.”

मुलगी कप धरून उभीच राहिली. “काय झालंय?”

धाकटीने पायाने दुसरं स्टूल पुढे सरकवलं. “बस. तुला एक वाचायचंय.”

कागदाचा मोकळा कोपरा तिच्या चिमटीत होता. ओला कागद, ओढला तर फाटला असता. तिने ओढला नाही.

“बाबाचा हात निघाला,” ती भाचीला म्हणाली, “की वाच.”