सरांचे दोन सेकंद

काशीराम सरांच्या पत्राला प्रज्योतने उत्तर दिलं नव्हतं. मे महिन्यात आलेलं पत्र दिवाळी सरली तरी टीव्हीच्या मागे तसंच खोचलेलं होतं, आणि केर काढताना आई रोज विचारायची, "मेल्या, पत्राक उत्तर दिलंस काय? मोठो माणूस तो, वाट बघीत आसतलो."

स्पर्धा संपली की मुलाच्या घरी पत्र पाठवायचं, ही सरांची जुनी रीत होती. फोनवर माणूस मध्येच बोलतो, असं ते म्हणत. घाटकोपरच्या त्यांच्या हॉलमधली मुलं या रीतीची आपसात थट्टा करत आणि पत्र मात्र जपून ठेवत. या पत्रात सरांनी लिहिलं होतं, "निवड चाचणीत घाई केलीस. ताकद आहे, धीर नाही. परत ये, पुन्हा पहिल्यापासून धरू."

प्रज्योत रिंग्जवर काय करतो हे त्याची आई नलिनी शेजारणींना आपल्या पद्धतीने समजावून सांगे. "दोन कडी, आणि मदी माझो झील वाळत घातलल्या शर्टासारखो हात पसरून रवता." तिचं फारसं चुकत नव्हतं. त्यालाच क्रॉस म्हणतात. जिम्नॅस्टिक्समध्ये प्रत्येक कौशल्याला त्याच्या अवघडपणाप्रमाणे इंग्रजी अक्षर दिलेलं असतं. ए सगळ्यांत सोपं. क्रॉस बी. तेच डोकं खाली आणि पाय वर करून केलं की सी. आणि कड्यांच्या उंचीवर सगळं अंग पालथं, जमिनीला समांतर, हात दोन्ही बाजूंना ताणलेले, ही माल्टीज; ती डी. पण अक्षर कुठलंही असो, तिथे दोन सेकंद दगडासारखं थांबावं लागतं. कमी थांबलात तर गुण कापतात. थांबलाच नाहीत असं पंचांना दिसलं तर ते कौशल्य धरतच नाहीत.

वर असताना घड्याळाकडे बघता येत नाही. तेव्हा सरावात दोन सेकंद म्हणजे खाली उभ्या असलेल्या सरांचा आवाज. "एक, दोन, चल पुढे." स्पर्धेत सर गप्प असतात, पण तोवर तो आवाज खांद्यांत मुरलेला असतो. प्रज्योतच्या खांद्यांत तो शाळेच्या वयापासून मुरला होता.

राज्य संघाच्या निवड चाचणीत प्रज्योतचं रुटीन, म्हणजे सलग करायच्या कौशल्यांची मालिका, हॉलमधल्या सगळ्यांपेक्षा अवघड होतं. माल्टीज करणारा तो एकटाच. सरांचा भाचा सर्वेश सीच्या पुढे गेला नव्हता. तरी संघात सर्वेश गेला. चाचणीनंतर पाण्याच्या पिंपाजवळ एका पंचांनी प्रज्योतला थांबवलं. "ताकद झकास आहे रे. पण थांबत का नाहीस? प्रत्येक ठिकाणी लवकर सुटतोस. माल्टीज तर आम्हाला धरताच आली नाही."

प्रज्योतला तर आपण पूर्ण थांबलो असं वाटलं होतं. तो घरी आला तो मान खाली घालूनच. सरांचं पत्र आलं तेव्हा 'सर, चुकलो' असं लिहायला तो त्याच दिवशी बसला.

त्याची बहीण नमिता पलंगावर मोबाइल घेऊन पसरली होती. हॉलमध्ये तिने काढलेले जुने व्हिडिओ जोडून ती काहीतरी करत होती.

"प्रज्या, बघ ना. तुझा क्रॉस आणि सर्वेशचा क्रॉस शेजारी लावते. कोण जास्त थरथरतंय बघू."

"लाव. तोच थरथरतो."

दोघे एकाच क्षणी हात पसरून थांबले. "एक, दोन," सरांचा आवाज आला आणि प्रज्योत सुटला. शेजारच्या चौकटीत सर्वेश अजून वरच होता. "एक," सर तिथे म्हणत होते. मग श्वास घ्यावा एवढा वेळ गेला. "दोन."

"तुझा फास्ट केलाय का मी?" नमिता उठून बसली. केला नव्हता. मागे दोरीउडी मारणारी पोरं दोन्हीकडे सारख्याच चालीने उडत होती.

त्यांनी होते नव्हते ते सगळे व्हिडिओ लावून पाहिले. प्रज्योतचे दोन प्रत्येक वेळी अर्ध्यातच संपत होते. सर्वेशचे घड्याळाबरहुकूम. प्रज्योतला जिल्हा स्पर्धा आठवल्या. गुण कापले गेले की सर पाठीवर थाप मारून म्हणायचे, "उतरताना पाऊल हललं, त्याचे गेले." आणि तो महिनोन् महिने उतरण्याचाच सराव करायचा.

पेनाला टोपण लावून तो उठला. आईला त्याने काही सांगितलं नाही. हॉलमध्ये जाणंच थांबवलं.

पण जानेवारीत पुन्हा चाचणी होती, आणि वय बघता संघात जायचं तर हीच शेवटची. घरी दाराच्या चौकटीला लटकून रिंग्ज होत नाहीत. नोव्हेंबरात एका संध्याकाळी तो हॉलची पायरी चढला.

"आला रे आला, साहेब आले!" सर्वेश बाकावरून ओरडला. "कुठे गायब यार? मला वाटलं लग्नबिग्न केलंस."

"तू असताना मला कोण पोरगी देणार?"

सर मॅटपाशी उभे होते. चष्म्यावर मुलं हातांना चोळतात त्या चॉकची भुकटी. "आलास," ते म्हणाले. "पत्र मिळालं ना?"

"मिळालं. सर, एक क्रॉस मोजता का?"

सरांनी नेहमीसारखं कमरेला धरून त्याला वर उचललं. प्रज्योतने रस्त्यातच ठरवलं होतं. सर दोन म्हणाले तरी सुटायचं नाही. मनात पूर्ण मोजायचं. कड्यांवर तोल सावरून तो हळूहळू खाली आला, हात पसरले, थांबला.

"एक, दोन."

आणि त्याचे खांदे ढिले पडले. त्याने सोडलं नव्हतं. खांद्यांनीच सोडलं.

"पुन्हा, सर."

सर क्षणभर घुटमळले, मग त्यांनी उचललं. पुन्हा तेच झालं. त्या आवाजावर त्याचं अंग त्याला न विचारता खाली येत होतं.

"मामा, याचे दोन एवढे स्वस्त कसे?" सर्वेश हसत म्हणाला. "मला तर जीव जाईस्तोवर लटकवता."

सरांनी सर्वेशला चहा आणायला पिटाळलं आणि ते मॅटच्या कडेवर बसले.

"लहानपणी तू रडायचास," ते म्हणाले. "पूर्ण मोजलं की पडायचास, आणि दुसऱ्या दिवशी यायचाच नाहीस. जरा लवकर दोन म्हटलं की हसत खाली. मग पुढचं शिकायला तयार. तुझी माल्टीज अशीच आली."

"आलीच नाही सर. पंचांनी धरली नाही."

"हळूहळू वाढवणार होतो रे. राहून गेलं."

"जिल्ह्याला गुण जायचे, ते उतरण्यातले नव्हते ना?"

सरांनी चष्मा काढला आणि ते तो पुसत राहिले.

"मग सर्वेशला का नाही असं मोजलंत?"

"तो घरचा," सर लगेच म्हणाले. "त्याला कच्चं ठेवून ताईला काय तोंड दाखवलं असतं?"

बोलून गेल्यावर त्यांचा पुसणारा हात थांबला. प्रज्योतचं मनगट मोडलं तेव्हा हेच सर रात्रभर इस्पितळात बसले होते. आईने गणपतीला पहिले मोदक कायम सरांकडे धाडले होते. 'मग मी कोण?' असं विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं, पण आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"घाई केलीस असं लिहिलंत पत्रात."

"पत्र तुझी आई वाचणार," सर म्हणाले. "तिला काय लिहिणार होतो?"

सर्वेश चहा घेऊन येण्याआधीच प्रज्योत हॉलची पायरी उतरला होता.

दुसऱ्या दिवसापासून तो मेट्रोने अंधेरीच्या एका हॉलला जायला लागला. तिथे कुणी तोंडाने मोजत नसे. दोन सेकंद भरले की यंत्र वाजे, आणि यंत्र वाजण्याआधीच त्याचे खांदे सुटत. पहिल्या आठवड्यात एकही क्रॉस पूर्ण झाला नाही. डिसेंबर लागला तेव्हा तिथल्या प्रशिक्षकांनी त्याच्या रुटीनमधून माल्टीज काढून टाकली. तिच्याशिवाय संघात जागा मिळणं कठीणच, हे त्यांनी सांगितलं आणि त्यालाही कळत होतं.

त्या रविवारी तो लिहायला बसला.

"सर, पत्र मे महिन्यातच मिळालं. मी घाई केली नव्हती. तुम्ही मोजायचात तेवढाच थांबलो होतो. जानेवारीच्या चाचणीला माल्टीज नसेल. दोन सेकंद म्हणजे किती ते मी नव्याने शिकतो आहे, आणि ते लवकर येईल असं दिसत नाही. माझ्यानंतर जी मुलं तुमच्याकडे आहेत, त्यांना घरचं समजून मोजा. मी परत येणार नाही."

शेवटी काय लिहायचं यावर तो अडला. 'आपला' लिहिलं, खोडलं, आणि नुसतं नाव घातलं. पाकिटावर सरांच्या चेंबूरच्या घराचा पत्ता लिहिला.

"इतक्या दिसांनी?" आईने विचारलं. "काय लिवलंस?"

"येत नाही म्हणून."

तो चपला घालून बाहेर पडला, पोस्टापर्यंत चालत गेला आणि पाकीट पेटीत टाकलं.